थोरल्याच्या पायाखाली ब्रेक नसतो

घरातल्या मोठ्या भावंडाने धाकट्याला चारचाकी चालवायला शिकवणे हा मराठी मध्यमवर्गीय कुटुंबातला अल्प मुदतीचा, पण अतिशय तीव्र असा शिक्षणप्रकार आहे. धाकट्याला अठरावे वर्ष लागून संपले, परीक्षा आटोपल्या आणि उन्हाळ्याची सुट्टी लागली की तो सुरू होतो. तो कधी संपतो, याबद्दल मात्र दोन्ही पक्षांत एकमत नसते. यात शिक्षक बिनपगारी असतो, विद्यार्थी उपकाराखाली दबलेला असतो आणि गाडी वडिलांची असते. तरीही ही पद्धत टिकून आहे. ड्रायव्हिंग स्कूलची फी भरून, सगळे तास हजेरी लावूनही धाकटा मुख्य रस्त्यावर गाडी काढायला धजावत नाही आणि घरात "मग एवढे पैसे भरून शिकलास काय?" असा प्रश्न निघतो. त्या प्रश्नावरचा उपाय म्हणून ताईची किंवा दादाची नेमणूक होते.

ड्रायव्हिंग स्कूलचा दोष एवढाच की तिथे भांडण होत नाही. नियमाप्रमाणे स्कूलच्या गाडीत दुहेरी नियंत्रण असते, म्हणजे शिकवणाऱ्याच्या पायाखालीही क्लच आणि ब्रेक असतात. त्यामुळे विद्यार्थी चुकला तरी शिकवणारे सर आवाज न चढवता, एका हाताने फोनवर प्लॉटचा व्यवहार चालू ठेवून, पायाने गाडी थांबवतात. विद्यार्थ्याला वाटते, आपणच थांबवली. महिनाभरात त्याला स्टेअरिंग धरता येते आणि बाकीची गाडी सरच चालवत होते हे त्याला घरच्या गाडीत बसल्यावर कळते. सरांना त्याच्या पूर्वेतिहासाची माहितीही नसते. "लहानपणापासून तुझं हे असंच आहे" हे वाक्य त्यांना म्हणता येत नाही. ताईला येते.

कायद्याची बाजू थोडक्यात अशी. लर्निंग लायसन्स, म्हणजे बोलीतले कच्चे लायसन्स, सहा महिने चालते आणि ते हातात आल्यापासून ३० दिवस गेल्याशिवाय पक्क्याची चाचणी देता येत नाही. महाराष्ट्रात २०२१ पासून कच्च्या लायसन्सची परीक्षा घरबसल्या संगणकावर देता येते, त्यामुळे ती नक्की कोणी दिली हाही काही घरांत पुढे वादाचा मुद्दा होतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांतल्या तिसऱ्या नियमानुसार शिकाऊ चालकाशेजारी पक्के लायसन्स असलेली व्यक्ती बसलेली हवी आणि गाडीच्या पुढे-मागे पांढऱ्यावर लाल 'एल' हवा. ते लायसन्स किती जुने असावे, हे नियम विचारत नाही. ताईचे लायसन्स गेल्या दिवाळीतले असले तरी कायद्याच्या नजरेत ती गुरू ठरते.

पहिले भांडण गाडी सुरू होण्याआधी या 'एल'वरूनच होते. शर्टाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर लाल स्केचपेनने काढलेले, किमान १० सेंटिमीटर उंचीचे ते अक्षर मागच्या काचेवर चिकटवायला धाकट्याची हरकत असते, कारण कॉलेजातले लोक त्याच रस्त्याने जातात. ताईचा आग्रह नियमापोटी नसतो. मागचे लोक हॉर्न कमी वाजवतील, ही तिची आशा असते. पुण्यात ही आशा फारशी फळत नाही. 'एल' बघून मागचा माणूस आधी हॉर्न वाजवतो आणि मग ओव्हरटेक करताना मान वळवून आत कोण आहे ते पाहतो.

वय भरण्याआधी शिकवण्याची जुनी पद्धत, म्हणजे काकांच्या शेतावर नववीतच जीपचे स्टेअरिंग हातात देणे, आता महाग पडते. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, शिवाय गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते. काका अजूनही "आम्ही नाही शिकलो?" असे विचारतात. पण चावी देत नाहीत.

शिकवणारा अशा जागी बसलेला असावा की त्याला गाडीवर ताबा ठेवता येईल किंवा ती थांबवता येईल, असेही त्या तिसऱ्या नियमात म्हटले आहे. घरच्या गाडीत डाव्या सीटवर बसलेल्या माणसाच्या ताब्यात ग्लव्ह बॉक्स, एसीची एक जाळी, खिडकीवरची मूठ आणि उजव्या हाताला लागणारा हँडब्रेक एवढ्याच वस्तू येतात. त्यांपैकी गाडी थांबवणारी वस्तू एकच. काही नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी नुसते बटण आले आहे, त्यामुळे तीही गेली म्हणायची.

या आसनव्यवस्थेतच सगळ्या भांडणांचे मूळ आहे. अठरा वर्षे घरातली व्यवस्था ठरलेली असते. टीव्हीचा रिमोट, एसटीतली खिडकी, आंब्याची बाठ कोणी चोखायची हा निर्णय, कॉम्प्युटरचा पासवर्ड, सगळे थोरल्याकडे. गाडीत बसल्याबरोबर ही व्यवस्था एका क्षणात उलटी होते. तीन पेडल, स्टेअरिंग, गिअर, हॉर्न, वायपर आणि दोघांचाही जीव धाकट्याकडे जातो. ताईकडे जीभ राहते. ज्याच्याकडे नुसती जीभ राहते, तो ती वापरतो. यात स्वभावाचा दोष शोधणे बरोबर नाही, कारण घरात अतिशय शांत म्हणून ओळखली जाणारी माणसेही डाव्या सीटवर याच आवाजात बोलताना आढळतात.

त्या जिभेचा वेग मात्र पुरत नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने चाललेली गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते. गल्लीतून आडवी येणारी स्कूटर ताईला दिसते, ब्रेक हवा हे तिला कळते, ती "ब्रेक!" असे ओरडते, धाकट्याच्या कानावर ते पडते आणि त्याचा पाय हलतो. यात दोन सेकंद सहज जातात. तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे जवळजवळ दोन पीएमपी बस एकापुढे एक उभ्या केल्या तर होईल तेवढे अंतर. याचा अर्थ असा की ज्या प्रसंगी गाडी वेळेवर थांबली, त्या प्रसंगी ती ताईच्या ओरडण्यामुळे थांबलेली नसते. धाकट्याने स्वतःच आधी पाय टाकलेला असतो. "दाबलाच होता मी!" हे त्याचे वाक्य म्हणूनच बहुतेक वेळा खरे असते. "मी ओरडले म्हणून दाबलास" हे तिचे वाक्यही तिच्यापुरते खरे असते, कारण तिने ओरडल्यावर गाडी थांबली एवढेच तिने पाहिलेले असते. दोन्ही पक्ष खरे बोलत असल्यामुळे हा वाद मिटत नाही.

दुसरे कारण डाव्या बाजूचे. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. उजवीकडचे चाक कुठे आहे, हे नवख्यालाही लवकर कळते. डावे चाक मात्र बॉनेटपलीकडे, दिसत नाही अशा ठिकाणी असते आणि त्याचा अंदाज यायला वेळ लागतो. म्हणजे शिकाऊ चालकाला जी बाजू मुळीच कळत नाही, नेमक्या त्याच बाजूला शिक्षक बसलेला असतो. बाजारपेठेतल्या रस्त्यावर धाकट्याला पुढे भरपूर जागा दिसते. ताईला तिच्या खिडकीपासून चार बोटांवर उभ्या असलेल्या टेम्पोचा साखळी अडकवायचा हूक दिसतो, त्यावरचा गंज दिसतो, फळकुटावर रंगवलेला मालकाचा मोबाइल नंबर वाचता येतो. "केवढी जागा आहे!" आणि "घासतेय, घासतेय, घासतेय!" ही दोन्ही विधाने एकाच क्षणी, एकाच गाडीतून, प्रामाणिकपणे केली जातात. रिकाम्या रस्त्यावर कडेच्या पांढऱ्या पट्टीला समांतर गाडी लावून, ती पट्टी आपल्या सीटवरून बॉनेटच्या कुठल्या भागाशी मिळते हे धाकट्याला दोन-तीनदा पाहू दिले, की यातले निम्मे ओरडणे कमी होते. घराघरांतला प्रघात मात्र हे न दाखवता थेट बाजारपेठेत जाण्याचा आहे.

धाकटा कोरा आलेला नसतो, हेही लक्षात घ्यावे लागते. त्याने दोन-तीन वर्षे स्कूटर चालवलेली असते आणि तिच्या सवयी तो बरोबर आणतो. फट दिसली की जायचे, हॉर्न हे गाडीचे मुख्य यंत्र मानायचे आणि थांबताना, निदान मनातल्या मनात, पाय खाली टेकायचे. साध्या हॅचबॅकची रुंदी दीड ते पावणेदोन मीटर असते हे त्याला पाठ असते, पण फट दिसली की तो ते विसरतो.

या शिक्षणातला सगळ्यात अवघड आणि सगळ्यात भांडखोर धडा हाफ क्लचचा. इंजिन नुसते चालू असताना मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेत असते आणि थांबलेल्या गाडीची चाके शून्य. या दोघांची गाठ घालून देणे हे क्लचचे काम. पेडल पूर्ण दाबले तर दोघांचा संबंध तुटतो. एकदम सोडले तर फिरत्या इंजिनावर उभ्या गाडीचे सगळे ओझे एका झटक्यात येते, इंजिनाला ते पेलवत नाही आणि गाडी आचका देऊन बंद पडते. दोन्हींच्या मध्ये पेडलचा थोडासाच प्रवास असा असतो की क्लचची प्लेट घसरत-घसरत चाकांना हळूहळू गती देते. तो टप्पा आला की इंजिनाचा आवाज जरा खाली उतरतो, बॉनेट किंचित उचलल्यासारखे होते आणि गिअरच्या दांड्याला बारीक थरथर येते.

ही तीन लक्षणे ताईला माहीत असतात, पण तिच्या पायाला. तोंडाला ती माहीत नसतात. सरावाने अंगात मुरलेले कौशल्य शब्दांत सांगता येत नाही, हा सगळ्याच जाणकार माणसांचा अडचणीचा भाग आहे. आमटीत मीठ किती घालायचे, या प्रश्नाला आई ज्या आवाजात "अंदाजाने" म्हणते, त्याच आवाजात ताई "हळूहळू सोड" म्हणते. धाकट्याला हळूहळू म्हणजे किती, हे कळत नाही. त्याच्या मते तो हळूहळूच सोडत असतो.

कोथरूडहून चांदणी चौकाकडे जाणाऱ्या चढावर, वाहतूक थोडी थांबून पुन्हा सुरू झाली, की हा संवाद असा होतो.

"पहिला टाक. क्लच सोड हळूहळू."

"सोडतोय."

"हळू म्हटलं मी!"

"हळूच सोडतोय!"

गाडी आचका देते आणि बंद पडते. हातभर मागे सरकते. मागून हॉर्न.

"ब्रेक! ब्रेक दाब! क्लच कशाला दाबतोस?"

"तूच म्हणालीस ना क्लच दाबल्याशिवाय चालू करायची नाही!"

"अरे चालू करायच्या आधी थांबव तर!"

गाडी पुन्हा चालू, पुन्हा आचका. एव्हाना मागचा रिक्षावाला शेजारी आलेला असतो. तो ओरडत नाही. वाकून, अगदी मायेने म्हणतो, "ताई, तुम्ही घ्या ना गाडी." या वाक्याने जेवढे नुकसान होते तेवढे दहा हॉर्ननेही होत नाही. धाकटा दार उघडून उतरायला लागतो, ताई त्याच्या बाहीला धरून त्याला बसवते आणि पुढची दोन मिनिटे दोघेही रिक्षावाल्याविरुद्ध एका पक्षात असतात. बाहेरचा शत्रू मिळाल्याबरोबर गाडी नीट निघाली, असेही पुष्कळदा घडते.

या धड्याची सोपी रीत उपलब्ध आहे. सपाट, मोकळ्या जागेवर ॲक्सिलरेटरला पायच लावायचा नाही. पहिला गिअर टाकून फक्त क्लच सोडत जायचे. हल्लीच्या गाड्या सपाटीवर इंजिनाच्या नुसत्या चालू राहण्याच्या जोरावरही रांगत पुढे जातात. अर्धा तास एवढेच केले की पायाला तो टप्पा सापडतो आणि ताईला बोलायला काही उरत नाही. चढावर हँडब्रेक ओढून ठेवायचा, क्लच त्या टप्प्यावर आणायचा, थरथर जाणवली की थोडा ॲक्सिलरेटर देऊन हँडब्रेक खाली सोडायचा. गाडी मागे जात नाही. यात अडथळा येतो तो तंत्राचा नाही, मानाचा. ताई स्वतः हँडब्रेकशिवाय शिकलेली असते आणि "हँडब्रेक लावून काय, कोणीही चढवेल" हे तिचे मत असते. कोणालाही चढवता यावी म्हणूनच ती पद्धत काढलेली आहे, ही गोष्ट तिला पटायला एक मागची नंबरप्लेट लागते.

आपल्याकडे २०१४ पासून स्वस्त हॅचबॅकमध्येही क्लचचे पेडल नसलेल्या एएमटी गाड्या आल्या आणि या प्रकरणावर पडदा पडेल असे वाटले होते. तसे झाले नाही. "ऑटोमॅटिकवर शिकलेलं म्हणजे शिकलेलं नव्हे" असा एक नवा वाद तेवढा वाढला, आणि तो बहुधा मॅन्युअल गाडी असलेल्या घरांतच चालतो.

जागेचा प्रश्न पुण्यात विशेष कठीण. सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांब असतात आणि खांबांहून अधिक त्रासदायक म्हणजे सल्ला देणारे निवृत्त सभासद असतात. मैदानावर क्रिकेट चालू असते. जाणकार लोक भोसरीच्या एमआयडीसीचे नाव सुचवतात. रुंद, सरळ, काटकोनात छेदणारे रस्ते, शिकायला त्याहून चांगले काही नाही. फक्त तिथली साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी रस्ते मोकळे असतात, पण ताईला ऑफिस असते. रविवारी ताई मोकळी असते आणि रस्त्यावर कंटेनर असतात. परिणामी शिकवणी रविवारी पहाटे सहाला ठरते, दोघेही अर्धवट झोपेत निघतात आणि पहिली दहा मिनिटे एकमेकांशी मुळीच भांडत नाहीत. ही दहा मिनिटे शिकवण्यासाठी सर्वोत्तम असतात, पण ती भोसरीला पोहोचण्यातच जातात आणि तोवर गाडी ताईच चालवत असते.

भांडण गाडीविषयी आहे तोवर ते शिक्षणाचाच भाग मानावे. "दुसरा टाक, तिसरा नको" यात कितीही आवाज चढला तरी बिघडत नाही. "तू कधीच ऐकत नाहीस" हे वाक्य आले की मात्र गाडी मागे पडली असे समजावे. 'कधीच'मध्ये पूर्वीची सगळी कागदपत्रे येतात. सायकलची चेन कोणी तुटू दिली, दहावीच्या वर्षी टीव्ही कोणामुळे बंद झाला, मामाकडून आलेले घड्याळ खरे तर कोणासाठी होते. ही सगळी प्रकरणे तिसऱ्या गिअरमध्ये, हलत्या गाडीत, एकमेकांकडे न बघता चालतात. एकमेकांकडे बघता येत नसल्यामुळे ती नेहमीपेक्षा जास्त मोकळेपणाने चालतात, आणि वळण मात्र मागे राहून जाते.

मागच्या सीटवर आई असेल तर प्रकरण वाढते. "ओरडू नकोस गं त्याला, घाबरतो तो" असे ती म्हणते. याने ताईला अन्याय वाटतो आणि धाकट्याला आपण घाबरलो आहोत याची जाहीर नोंद झाल्यासारखे वाटते. आजी असेल तर ती डॅशबोर्डावरच्या गणपतीला मोठ्याने हाक मारते, आणि ती हाक ब्रेकच्या आरोळीपेक्षा जास्त दचकवते. मागची सीट रिकामी ठेवणे हा या संपूर्ण शास्त्रातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कमी पाळला जाणारा नियम आहे.

यंत्रापाशी भांडणाऱ्या भावंडांचे इतिहासातले सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण म्हणजे राइट बंधू. विल्बर थोरला, जन्म १८६७ चा. ऑर्व्हिल धाकटा, १८७१ चा. दुकानात दोघे इतक्या जोराने वाद घालत की ऐकणाऱ्यांना त्याची आठवण पुढे वर्षानुवर्षे राहिली. पण त्यांच्या भांडणाची एक रीत होती. पुष्कळ वेळ भांडून झाल्यावर दोघांनाही एकमेकांचे म्हणणे पटलेले असे आणि मग बाजू बदलून तोच वाद पुन्हा चाले. १४ डिसेंबर १९०३ रोजी विमान पहिल्यांदा कोणी उडवायचे हे त्यांनी नाणे उडवून ठरवले. विल्बर जिंकला, त्याने विमानाचे नाक फाजील वर उचलले, विमान थबकून खाली आले आणि मोडले. दुरुस्तीनंतर १७ डिसेंबरला पाळी ऑर्व्हिलची होती. तो १२ सेकंद उडाला, साधारण ३७ मीटर. पहिल्या प्रयत्नात थोरल्याने गाडी बंद पाडली आणि दुसऱ्यात धाकट्याने चालवली, ही गोष्ट जगभरच्या धाकट्या भावंडांनी जितकी वापरायला हवी तितकी अजून वापरलेली दिसत नाही.

राइट बंधूंची बाजू बदलण्याची रीत गाडीत शब्दशः करता येते. बंद गाडीत दहा मिनिटे धाकट्याने डाव्या सीटवर बसावे, टेम्पोच्या बाजूला, पायाखाली काही नसताना. त्यानंतर ताईने मोकळ्या रस्त्यावर गाडी चालवावी आणि धाकट्याने तिला सूचना द्याव्यात. "अगं थांब, थांब!" असे तो तिसऱ्या मिनिटाला ओरडतो. एरवी ताई दाबते तशी, ब्रेक समजून, उजव्या पायाने तोही मॅट दाबत असतो.

तहाची कलमे घरागणिक वेगळी असतात, पण ज्या घरांत गाडी आणि नाते दोन्ही धड राहिले आहेत तिथे थोड्याफार फरकाने हीच दिसतात. वाटेत ओरडण्याजोगा शब्द एकच ठेवायचा, "थांब". तो ऐकला की कारण न विचारता थांबायचे आणि हुज्जत गाडी उभी राहिल्यावर घालायची. ताईने तो शब्द दिवसातून चारदा वापरला की त्याची किंमत उतरते, म्हणून तो जपून वापरायचा. बाकी सगळ्या सूचना आधी द्यायच्या, आणि त्यांत आधी काय करायचे ते, मग कुठे ते. "अरे इथेच वळायचं होतं" ही सूचना नाही, ती हळहळ आहे. "पुढच्या वळणावर डावीकडे, आत्तापासून इंडिकेटर" ही सूचना झाली. "पूर्वी जिथे थिएटर होतं तिथून" अशी खूण द्यायची नाही, कारण धाकट्याच्या जन्माआधीच ते थिएटर पाडून तिथे मॉल झालेला असतो. चुकांचा हिशोब इंजिन बंद करून, चहाच्या टपरीवर करायचा. तिथे आवाज आपोआप खाली येतो, कारण आजूबाजूला लोक असतात.

आणखी एक उपयोगी रीत पोलिसांच्या प्रशिक्षणात वापरली जाते. चालवणाऱ्याने काय दिसते आहे आणि आपण काय करणार आहोत ते मोठ्याने बोलत राहायचे. "पुढे रिक्षा, थांबेल असं वाटतंय, आरसा बघितला, दुसरा टाकतो." असे झाले की त्याला ती रिक्षा दिसली आहे हे ताईला कळते आणि तिच्या मनातली निम्मी धास्ती उतरते. डाव्या सीटवरचे ओरडणे मुळात या शंकेतूनच येते की याला ते दिसले की नाही. या पद्धतीचा एकच धोका आहे. काही ताया त्या बोलण्यातल्या चुका काढायला लागतात.

रिव्हर्स हा वेगळा धडा, आणि त्यात शिक्षक गाडीतून खाली उतरतो. ताई मागे उभी राहते, नेमकी तिथे जिथे ती कुठल्याही आरशात दिसत नाही, आणि हाताने बोलावते. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे, येऊ दे..." आणि मग धप्प. मग "बस!"

या धप्पचा पुढचा भाग आर्थिक. मागच्या बंपरला पोचा आला की विम्याचा दावा करायचा का, हा प्रश्न येतो. एक वर्ष दावा न करता गेले की स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात २० टक्के सूट मिळते आणि ती चढत चढत पाच वर्षांनी ५० टक्क्यांवर जाते. एक दावा केला की ती पुन्हा शून्यावर येते. वडिलांनी पाच वर्षे जपलेली ही सूट एका पोच्यासाठी घालवायची नाही, हे दोन्ही भावंडांना न सांगता कळते आणि डेंटिंग-पेंटिंगचा खर्च खिशातून करायचे ठरते. तो अर्धा-अर्धा वाटला जातो, पण आधी कोणाचा दोष यावर एक बैठक होते. "बस" उशिरा म्हणण्याचे किती आणि "येऊ दे" वर विश्वास ठेवण्याचे किती, यावर ७०-३० पर्यंत सौदा चालतो. वडिलांना न सांगण्याचे कलम दोघेही न बोलता मान्य करतात. ते फार काळ टिकत नाही, कारण पहाटे गाडी पुसणाऱ्या पोऱ्याला पोचा सगळ्यात आधी दिसतो आणि तो अतिशय निरागसपणे वडिलांनाच विचारतो, "साहेब, कुठं ठोकली?"

पक्क्या लायसन्सच्या ट्रायलला ताई बरोबर जाते. गाडी तिथपर्यंत नेताना शेजारी पक्के लायसन्सवाले कोणीतरी हवेच असते. ट्रॅकवर इंग्रजी आठाचा आकडा काढायचा, चढावर थांबून मागे न सरकता निघायचे आणि रिव्हर्स घ्यायचा. ट्रॅकबाहेर उभी राहून ताई सगळ्या पेडलांवर पाय ठेवते. धाकटा पास झाला तर शिकवणी चांगली होती. नापास झाला तर तो ऐनवेळी घाबरला.

कार्ड पोस्टाने घरी आले की राहतो तो घाट. बाजूच्या सीटवरचे अधिकार सगळ्यात शेवटी सुटतात ते इथे. घाटाचे स्वतंत्र नियम आहेत. अरुंद चढावर चढणाऱ्या गाडीला वाट द्यायची, आणि उतरताना गिअर खालचा ठेवायचा, न्यूट्रलवर गाडी सोडायची नाही. न्यूट्रलवर सोडून पेट्रोल वाचवणे ही वडिलांच्या पिढीची कला असल्यामुळे या मुद्द्यावर प्रथमच दोन्ही भावंडे एका बाजूला आणि वडील दुसऱ्या बाजूला, अशी फळी पडते. पुणे-कोल्हापूर रस्त्यावर या वाटणीला भूगोलही मदत करतो. साताऱ्याकडे जाणारी वाहतूक वर्षानुवर्षे खंबाटकी घाट चढून जात आली आहे आणि पुण्याकडे येणारी बोगद्यातून. म्हणून जाताना साताऱ्यापर्यंत ताई चालवते, पुढचा कराडमार्गे सपाट पट्टा धाकट्याकडे, आणि परतीला बोगदा असल्यामुळे सगळी गाडी धाकट्याची. सीट साताऱ्यात बदलायची. तिथे कंदी पेढे घ्यायला थांबायचेच असते, आणि पेढ्यांचे पैसे ज्याने घाट चढवला नाही त्याने द्यायचे.